नवसागर, पेलाभर पाणी आणि थर्मामीटर: क्षार विरघळताना उष्णता मोजायची कशी

नवसागर पाण्यात टाकून ढवळला की पेला हाताला गार लागतो. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. ‘मग एन्थॅल्पीतला बदल, म्हणजे क्षाराने घेतलेली किंवा दिलेली उष्णता, धन की ऋण?’ असं विचारलं की अर्धा वर्ग धन म्हणतो, अर्धा ऋण, आणि उरलेले शेजाऱ्याच्या जर्नलात डोकावतात. मी हा प्रयोग आधी विद्यार्थी म्हणून केला, आता धाकट्यांची जर्नलं बघतो. अडखळण्याच्या जागा वर्षानुवर्षं त्याच आहेत. गुणाकार सगळ्यांना येतो. घोळ होतो तो उष्णता कुणाची गेली आणि कुणाला मिळाली हे न ठरवताच सूत्रात आकडे भरले की.

दहावीच्या विज्ञानात उष्मादायी आणि उष्माग्राही हे शब्द भेटतात. बारावीला महाराष्ट्र बोर्डाच्या रसायनशास्त्रात ऊष्मागतिकीचं अख्खं प्रकरण येतं. सीबीएसईच्या बारावीच्या प्रात्यक्षिकांत तर कॉपर सल्फेट किंवा पोटॅशियम नायट्रेटची विद्रावण एन्थॅल्पी, म्हणजे एक मोल विरघळताना होणारा एन्थॅल्पीतला बदल, काढायचा प्रयोगच आहे. खालची पद्धत तिन्हींना चालेल.

१. आधी खातं मांडा

पेल्यात दोन पक्ष आहेत असं समजा. एक विरघळणारा क्षार, दुसरं पाणी. थर्मामीटर फक्त पाण्याचं खातं दाखवतो. पाणी गार झालं म्हणजे पाण्याच्या खात्यातून उष्णता गेली. ती कुणी घेतली? क्षाराने. म्हणून क्षाराच्या बाजूने बदल धन, म्हणजेच क्रिया उष्माग्राही. पाणी तापलं तर याच्या उलट: क्षाराने दिली, बदल ऋण, क्रिया उष्मादायी.

परीक्षेत सर्वांत जास्त गुण जातात ते इथे. ‘तापमान उतरलं, म्हणून उणे’ असं लिहून मुलं मोकळी होतात. वहीत पहिली ओळ हीच लिहा: क्षाराची उष्णता = वजा (पाण्याची उष्णता + पेल्याची उष्णता). पेल्याचं नाव त्यात का आलं ते चौथ्या पायरीत.

२. सामान

- दोन कागदी कप, एकात एक बसणारे, आणि ते उभे राहतील असा २५० मिलिलिटरचा बीकर
- झाकणाला जाड पुठ्ठा, थर्मामीटरसाठी भोक पाडून
- थर्मामीटर, जमल्यास ०.१ किंवा ०.२ अंशाच्या खुणांचा
- १०० मिलिलिटरचं मोजपात्र
- ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा
- ढवळायला काचकांडी, वेळेसाठी मोबाइल
- खल, कारण क्षार बारीक हवा
- आलेख कागद आणि टोकदार पेन्सिल

पुस्तकात थर्मोकोलचा कप लिहिलेला असतो. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्मोकोलच्या कप-प्लेटांवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर आहे, त्यामुळे तो शोधत बाजारात हिंडू नका. जुन्या पॅकिंगमधला थर्मोकोल असेल तर तो बीकरभोवती गुंडाळायला वापरा. दोन कागदी कप आणि मधल्या पोकळीत कापूस, एवढ्याने शाळकरी प्रयोगाचं काम नीट भागतं. दुहेरी भिंतीचा स्टीलचा मगही चालतो, फक्त तो स्वतः बरीच उष्णता खातो, तेव्हा त्याचा हिशेब टाळता येत नाही.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तांब्याचा कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजायचं भांडं, दिसायला रुबाबदार असतो, पण क्षारांच्या द्रावणांसाठी मी तो काढत नाही. नवसागराचं पाणी तांब्याला हळूहळू खातं. ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर कॉस्टिक सोडा किंवा मोरचूद (कॉपर सल्फेट) कधीच नको: पहिल्याने हायड्रोजन सुटतो, दुसऱ्याने भांड्यावर तांबं चढतं, आणि दोन्ही वेळा तुम्ही भलतीच अभिक्रिया मोजत बसता.

घरी करणाऱ्यांनी ताप मोजायचा थर्मामीटर घेऊ नये. तो ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही.

३. क्षार कुठला घ्यायचा

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा करणाऱ्याने नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड घ्यावा. तापमानातला बदल डोळ्याला दिसण्याइतका मोठा असतो, क्षार पटकन विरघळतो आणि हाताळायला सोपा असतो. मात्र तो प्रयोगशाळेच्या बाटलीतला असावा. कल्हईसाठी मिळणारा खडा शुद्ध असेलच असं नाही. गार होतं का ते बघायला तो ठीक आहे, मोल मोजायला नाही.

१०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम क्षार टाकला आणि उष्णता कुठेच गळली नाही असं धरलं, तर अंदाजे किती फरक पडेल ते बघा:

- पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा (एन्थॅल्पी +३४.९ किलोज्यूल प्रति मोल): ७.५ अंश उतरतं
- अमोनियम क्लोराइड (+१४.८): ६ अंश उतरतं
- पोटॅशियम क्लोराइड (+१७.२): ५ अंश उतरतं
- साधं मीठ (+३.९): जेमतेम दीड अंश उतरतं
- निर्जल कॅल्शियम क्लोराइड (–८१ च्या आसपास): १६ अंश चढतं
- सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा (–४४.५): २४ अंश चढतं

शेवटचा खरं तर क्षार नाही, अल्कली आहे, पण प्रयोग तोच असल्यामुळे यादीत आला.

पोटॅशियम क्लोराइडचा आकडा नवसागरापेक्षा मोठा आहे, तरी पाणी कमी उतरतं. का? १० ग्रॅममध्ये त्याचे मोल कमी भरतात. ग्रॅम आणि मोल यांची गल्लत होत असेल तर या दोन ओळींवर घटकाभर थांबा. तोंडी परीक्षेत इथूनच प्रश्न येतो.

मिठाचा आकडा एवढा लहान का, तेही बघून ठेवा. मिठाच्या स्फटिकातले आयन सुटे करायला मोलमागे ७८८ किलोज्यूल लागतात. सुटे झालेले आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले गेले की ७८४ परत मिळतात. हाती उरतो तो चारेकचा फरक. दोन प्रचंड रकमांची वजाबाकी असल्यामुळे एका क्षाराने पाणी तापतं आणि दुसऱ्याने गार होतं. ‘विरघळणं म्हणजे उष्णता सुटणारच’ असा नियम कुठेही नाही. उष्णता घेऊनही क्षार आपणहून विरघळतो, कारण स्फटिकातली शिस्त मोडून आयन पाण्यात पसरतात आणि एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते.

सोऱ्याने पाणी गार करण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. अकबराच्या दरबारात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी थंड करत, असं अबुल फजलने नोंदवून ठेवलं आहे. बंदुकीच्या दारूचा घटक पाणी गार करायला, याचं त्यालाही कौतुक वाटलं होतं.

एक सावधगिरी. इंटरनेटवरच्या बऱ्याच व्हिडिओंत अमोनियम नायट्रेट वापरतात. ते स्फोटकांच्या कायद्याखाली येतं आणि भारतात २०१२ च्या नियमांनुसार त्याला परवाना लागतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. कॉस्टिक सोडाही घरी नको. प्रयोगशाळेत शिक्षक समोर असताना, डोळ्यांना चष्मा लावून, नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकायचा.

४. पेल्याचा वाटा

पाणी तापतं किंवा गार होतं तेव्हा कप, काचकांडी आणि थर्मामीटरचं टोक हेही सोबत तापतात, गार होतात. त्यांचा मिळून वाटा किती, ते एकदा काढून ठेवा. त्याला कॅलरीमापीचा स्थिरांक म्हणतात.

कपात ५० मिलिलिटर साधं पाणी घ्या आणि त्याचं तापमान लिहा. दुसऱ्या भांड्यात ५० मिलिलिटर पाणी साधारण ३० अंशांनी जास्त तापवा, ओतायच्या क्षणी त्याचं तापमान बघा, चटकन कपात ओता, झाकण लावा, ढवळा.

समजा साधं पाणी २७.० अंश, गरम ५७.० अंश. कपाने काहीच घेतलं नसतं तर मिश्रण बरोबर ४२.० वर आलं असतं. तुमच्याकडे आलं ४१.३. उष्णता म्हणजे वस्तुमान × विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारे ४.१८ ज्यूल) × तापमानातला फरक. गरम पाण्याने दिलेली उष्णता: ५० × ४.१८ × १५.७ = ३२८१ ज्यूल. साध्या पाण्याला मिळालेली: ५० × ४.१८ × १४.३ = २९८९ ज्यूल. मधले २९२ ज्यूल कपाने घेतले, आणि कपही १४.३ अंशांनीच तापला. २९२ भागिले १४.३, म्हणजे अंशामागे सुमारे २० ज्यूल.

या उत्तराची एक लगेच होणारी तपासणी आहे. स्थिरांक ऋण आला, तर गरम पाण्याचं तापमान खऱ्यापेक्षा कमी वाचलं गेलं आहे, म्हणजे थर्मामीटर स्थिरावण्याआधी किंवा नीट न ढवळता घेतलं गेलं आहे. पुन्हा करा. ऋण स्थिरांक तसाच पुढे रेटलेली जर्नलं मी पाहिली आहेत.

५. प्रत्यक्ष प्रयोग

पाणी आदल्या रात्री भरून त्याच खोलीत ठेवा. ही बारीकशी गोष्ट वाटते, पण आपल्याकडे तिने फार फरक पडतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून कोमट येतं आणि माठातलं पाणी खोलीपेक्षा बरंच गार असतं. दोन्हींचं तापमान क्षार टाकण्याआधीच सरकत असतं. पंखाही बंद करा, घाम आला तरी.

क्षार खलात बारीक करा. स्वयंपाकघरातला खल नको. पावसाळ्यात नवसागर दमट होऊन त्याचे गोळे होतात. तसा असेल तर आधी वाळवा, नाहीतर वजनात पाणीही मोजलं जातं. १० ग्रॅम कागदावर तोला, टाकून झाल्यावर तोच कागद पुन्हा तोला आणि फरक लिहा. कागदाला चिकटून राहिलेली पूड पाण्यात गेलेली नसते.

आता कपात मोजून १०० मिलिलिटर पाणी. झाकण लावून थर्मामीटर बुडवा, टोक पाण्याच्या मधोमध, तळाला टेकलेलं नको. दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायला लागा. पहिली तीन मिनिटं काहीच घडत नाही, तरी लिहायचंच. ठरल्या वेळी, समजा चौथ्या मिनिटाला, झाकण किंचित उचलून सगळा क्षार एकदम आत टाका, झाकण लावा, ढवळत राहा. दहाव्या मिनिटापर्यंत दर अर्ध्या मिनिटाची नोंद चालू ठेवा. थर्मामीटरनेच ढवळायचा मोह होतो. तो फुटतो, आणि मग प्रयोग बाजूला राहून काचा गोळा कराव्या लागतात.

हे काम दोघांनी करावं. एकाने ढवळावं आणि आकडा मोठ्याने सांगावा, दुसऱ्याने घड्याळ बघून लिहावं.

शेवटी कपाच्या तळाशी बघा. दाणे उरले असतील तर तेवढा क्षार विरघळलेलाच नाही आणि मोल चुकले. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना ३७ ग्रॅमच्या आसपास नवसागर मावतो, तेव्हा १० ग्रॅम उरायचं काही कारण नाही; ढवळणं कमी पडलं.

६. आलेख काढा, नुसता नीचांक घेऊ नका

बहुतेक जण सुरुवातीचं तापमान वजा सर्वांत खालचं तापमान करून पुढे जातात. पण क्षार विरघळायला मिनिटभर लागतं आणि तेवढ्यात गार झालेलं पाणी खोलीतून उष्णता ओढायला लागलेलं असतं. म्हणजे थर्मामीटरने दाखवलेला नीचांक खऱ्या नीचांकाच्या थोडा वरच असतो.

आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान घ्या. क्षार टाकण्याआधीच्या बिंदूंमधून एक सरळ रेषा काढा. तापमान पुन्हा हळूहळू चढू लागल्यावरच्या बिंदूंमधून दुसरी रेषा काढा आणि ती मागे, चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा. चौथ्या मिनिटाच्या उभ्या रेषेवर या दोन रेषांमध्ये जेवढं अंतर, तोच तुमचा तापमानातला बदल. मधले घसरगुंडीचे बिंदू रेषेत ओढायचे नाहीत.

१ अंशाच्या खुणांचा थर्मामीटर असेल तर डोळ्याने अर्ध्या अंशाच्या पुढे वाचता येत नाही. ६ अंशांच्या बदलात ही चूक सोसते. साध्या मिठाच्या दीड अंशात तिने सगळं उत्तरच वाहून जातं, म्हणून अशा थर्मामीटरवर मीठ घेऊन एन्थॅल्पी काढायला बसू नये.

७. गणित, आणि १०० की ११० हा वाद

समजा आलेखावरून बदल आला ६.१ अंश. नवसागराचं मोलर वस्तुमान ५३.५, म्हणून १० ग्रॅम म्हणजे ०.१८७ मोल.

द्रावणाचं वस्तुमान ११० ग्रॅम धरलं: ११० × ४.१८ × ६.१ = २८०५ ज्यूल. कपाचा वाटा २० × ६.१ = १२२ ज्यूल. एकूण २९२७ ज्यूल, म्हणजे २.९३ किलोज्यूल. ०.१८७ ने भागलं की १५.७. चिन्ह पहिल्या पायरीतलं: पाण्याने दिली, क्षाराने घेतली, म्हणून +१५.७ किलोज्यूल प्रति मोल.

आता नुसतं पाण्याचं वस्तुमान, १०० ग्रॅम धरून बघा. एकूण २६७२ ज्यूल आणि उत्तर +१४.३. पुस्तकातला आकडा १४.८, दोन्हींच्या मध्ये.

मग बरोबर कुठलं? तापमान ११० ग्रॅमचं बदललं, हे खरं. पण ४.१८ ही शुद्ध पाण्याची विशिष्ट उष्मा आहे. क्षाराच्या द्रावणाची ती कमी असते, दहा टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात ४ च्याही खाली उतरते. म्हणजे ११० घेतलं तर वस्तुमान बरोबर पण विशिष्ट उष्मा जास्त. १०० घेतलं तर वस्तुमान कमी, पण या दोन चुका एकमेकींना बऱ्यापैकी खोडतात. म्हणून ‘१०० घेतलं म्हणजे चूकच’ असं ठामपणे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. जर्नलात काय धरलं ते एका वाक्यात लिहा. प्रश्नपत्रिकेत मात्र ‘द्रावणाची विशिष्ट उष्मा ४.१८ धरा’ असं दिलेलं असेल तर द्रावणाचं पूर्ण वस्तुमान घ्यायचं, तिथे डोकं चालवायचं नाही.

दोन बारीक खड्डे अजून. ज्यूल आणि किलोज्यूल एकाच बेरजेत मिसळू नका. आणि तापमानातल्या फरकात २७३ मिळवू नका: ६.१ अंश सेल्सिअसचा फरक हा ६.१ केल्विनचाच फरक असतो.

८. मोरचूद: एकाच नावाचे दोन क्षार

सीबीएसईवाल्यांना कॉपर सल्फेट आणि पोटॅशियम नायट्रेट यांत निवड मिळाली तर डोळे मिटून नायट्रेट घ्या. कारण आकड्यांतच आहे. निळ्या मोरचुदात प्रत्येक कॉपर सल्फेटसोबत पाण्याचे पाच रेणू आधीच बसलेले असतात. त्याची एन्थॅल्पी +११.७. १० ग्रॅम, म्हणजे ०.०४ मोल, १०० मिलिलिटरच्या आसपास पाण्यात टाकले तर तापमान कसंबसं १ अंश उतरतं. हाच मोरचूद तापवून पांढरा केला, म्हणजे स्फटिकातलं पाणी घालवलं, की एन्थॅल्पी होते –६६.५ आणि तेवढ्याच मोलला, म्हणजे ६.४ ग्रॅमला, पाणी ६ अंशांनी तापतं. बाटलीवर नाव एकच, वागणूक उलटी. म्हणून लेबल वाचताना क्षारासोबत पाणी किती लिहिलंय ते बघायचंच. कॅल्शियम क्लोराइडचंही असंच आहे: निर्जल असेल तर पेला तापतो, सहा पाण्याचा असेल तर गार होतो.

यातून हेसचा नियम मात्र छान हाताला लागतो. पांढऱ्या पुडीपासून द्रावणापर्यंत थेट गेलात तरी, किंवा आधी निळा स्फटिक बनवून मग विरघळवलात तरी, एकूण बदल सारखाच. म्हणून पांढऱ्याचा निळा होताना किती उष्णता सुटते ते न मोजताच कळतं: –६६.५ वजा ११.७, म्हणजे –७८.२ किलोज्यूल प्रति मोल. ही अभिक्रिया कपात थेट मोजणं जवळपास अशक्य आहे, म्हणून तर हा फेरा घ्यायचा.

करायचंच ठरवलं तर दोन सूचना. पांढरी पूड पाण्यात पडताच तळाशी दगडासारखी बसते, तेव्हा टाकता टाकता ढवळा. आणि निळ्या १० ग्रॅममध्ये ३.६ ग्रॅम पाणीच असतं, म्हणून पांढऱ्याला १०० मिलिलिटर पाणी घेतलं असेल तर निळ्याला ९६.४ घ्या, दोन्ही द्रावणं शेवटी सारखी व्हायला हवीत.

९. आवराआवर

नवसागराचं किंवा पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण भरपूर पाणी सोडून मोरीत ओतलं तरी चालतं. पण त्यावर चुना किंवा धुण्याचा सोडा पडू देऊ नका. अमोनिया सुटतो आणि खोलीत थांबवत नाही. मोरचुदाचं निळं पाणी मोरीत नको, ते माशांना आणि पाण्यातल्या इतर जिवांना विषारी असतं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण म्हणून मोरचूद मारतात तो बुरशी मारण्यासाठीच. प्रयोगशाळेत त्यासाठी वेगळी बाटली असते, तिच्यात जमा करा. पाणी उडून गेलं की स्फटिक परत मिळतात आणि पुढच्या तुकडीला उपयोगी पडतात.